घोडे परत आले, कुत्री हरवली : लुइझियाना, २००५

रविवार, २८ ऑगस्ट २००५. सकाळी दहा वाजून अकरा मिनिटांनी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या स्लायडेल हवामान कार्यालयाने एक इशारा प्रसारित केला. तो लिहिला होता रॉबर्ट रिक्स या हवामानतज्ज्ञाने. कॅटरिना चक्रीवादळ तेव्हा मेक्सिकोच्या आखातात पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीला पोचले होते आणि रोख न्यू ऑर्लिन्सकडे होता. हवामान खात्याचे इशारे एरवी कोरडे असतात, हा नव्हता. बराचसा भाग कित्येक आठवडे राहण्यालायक उरणार नाही, पाण्याच्या टंचाईने माणसांचे अतोनात हाल होतील, असे त्यात सरळ लिहिले होते. आणखी एक वाक्य होते : वाऱ्यात उघड्यावर सापडलेली माणसे, पाळीव प्राणी आणि गुरे यांना उडत्या वस्तूंचा तडाखा बसला तर मरण अटळ आहे.

हवामान खात्याने तिघांना एका ओळीत बसवले. शहर रिकामे करण्याच्या व्यवस्थेत मात्र जागा होती ती फक्त पहिल्यांना.

पुढच्या महिन्याभरात त्या एकाच राज्यात कुत्री-मांजरी, घोडे आणि गुरे यांच्या वाट्याला तीन अगदी वेगळ्या गोष्टी आल्या. कॅटरिनाबद्दल लिहिताना बहुतेक जण कुत्र्यांच्या फोटोंपाशी थांबतात. मला यातले घोडे जास्त महत्त्वाचे वाटतात. पण सुरुवात कुत्र्यांपासूनच करावी लागेल.

रविवारचा दिवस

न्यू ऑर्लिन्सचे महापौर रे नेगिन यांनी शहर सोडण्याची सक्ती जाहीर केली ती त्याच रविवारी सकाळी. वादळ किनाऱ्याला धडकले सोमवारी पहाटे सहाच्या सुमारास. म्हणजे हाताशी पुरते चोवीस तासही नव्हते. ज्यांच्याकडे गाडी होती त्यांतले बहुतेक बाहेर पडले. पण या शहरात दर चार घरांमागे साधारण एका घरात गाडीच नव्हती. त्यांच्यासाठी शेवटचा आसरा म्हणून सुपरडोम हे स्टेडियम उघडले गेले आणि तिथे प्राण्यांना मनाई होती.

रेड क्रॉसच्या निवाऱ्यांतही तेव्हा पाळीव प्राणी घेत नसत, अंध किंवा अपंग माणसाचा मदतनीस कुत्रा तेवढा अपवाद. हा नियम दुष्टपणाचा म्हणता येत नाही. एका सभागृहात शेकडो माणसे जमिनीवर झोपलेली, त्यांत दमेकरी, तान्ही मुले, कुत्र्याला घाबरणारे, आणि त्यांच्यामध्ये बिथरलेले, भुंकणारे, चावू शकणारे जनावर, हे कोणत्याही व्यवस्थापकाला नकोच असणार. खोट होती ती पुढच्या पायरीत. माणसांच्या निवाऱ्यात प्राणी नको म्हटल्यावर प्राण्यांसाठी शेजारी दुसरी जागा हवी, ती कुणी नेमलीच नव्हती. त्यामुळे नियमाचा अर्थ घरोघरी एकच निघाला : कुत्र्याला सोड, नाहीतर तूही थांब.

बरेच जण थांबले. फ्रिट्झ इन्स्टिट्यूटने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर न सोडणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी प्राण्याला सोडून जायचे नव्हते हे थांबण्याचे निदान एक कारण म्हणून सांगितले. आपत्ती व्यवस्थापनात प्राण्यांचा विषय त्या आधी भूतदयेच्या खात्यात पडून होता. या एका आकड्याने तो माणसांच्या जिवाच्या खात्यात आला.

जे निघून गेले त्यांच्यातल्याही अनेकांनी कुत्री-मांजरी घरात ठेवली, दोन-तीन दिवसांचे खाणे आणि टबभर पाणी भरून. बाहेरून बघणाऱ्याला हे निर्दय वाटते, पण त्यामागे अनुभव होता. आदल्याच वर्षी, सप्टेंबर २००४ मध्ये, इव्हान वादळासाठी लोक तासन्‌तास वाहतुकीत अडकत शहराबाहेर गेले होते, वादळ पूर्वेला वळले आणि सगळे घरी परतले. या वेळीही तसेच होईल, मंगळवार-बुधवारी परत येऊ, हा हिशेब होता. बांध फुटले, शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि रहिवाशांना कित्येक आठवडे आत येऊ दिले नाही. तीन दिवसांचे खाणे तीन दिवसच पुरले.

सुपरडोमबाहेर बसगाड्या लागल्यावर काय झाले ते असोसिएटेड प्रेसच्या बातमीतून जगभर पोचले. एका लहान मुलाचे कुत्रे पोलिसाने काढून घेतले. मुलगा त्याच्या नावाने, ‘स्नोबॉल, स्नोबॉल’ असे, ओकारी होईपर्यंत रडत राहिला. पुढे वर्षभरात वॉशिंग्टनमध्ये जो कायदा झाला त्यामागे या चार ओळींचा वाटा मोठा होता. सेंट बर्नार्ड परिशमध्ये (परिश म्हणजे तिथला जिल्हा) याहून वाईट घडले : शाळांमध्ये आसरा घेतलेल्या लोकांना कुत्री मागे ठेवून जावे लागले आणि नंतर तिथे गोळ्या घालून मारलेली कुत्री सापडली.

त्याच शहरातले २६३ प्राणी

वेळच कमी होता, असे म्हणून हा सगळा प्रकार सोडून देता आला असता. पण त्याच शहरात, तेवढ्याच वेळात, एका संस्थेने आपले सगळे प्राणी बाहेर काढले होते. लुइझियाना एसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेच्या निवाऱ्यात तेव्हा २६३ प्राणी होते. वादळ यायच्या आधीच ते ट्रकांतून ह्यूस्टनच्या एसपीसीएकडे रवाना झाले. प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा, प्रत्येकाची नोंद, प्रत्येकासाठी पिंजरा. संस्थेची इमारत नंतर बुडून निकामी झाली, प्राणी मात्र वाचले.

यात शौर्य काही नव्हते, आणि म्हणूनच हा भाग नीट बघण्यासारखा आहे. ह्यूस्टनला जायचे हे आधी ठरलेले होते. वादळ अमुक श्रेणीचे आणि अमुक अंतरावर आले की निघायचे हेही ठरलेले होते, त्यामुळे महापौरांच्या घोषणेची वाट बघावी लागली नाही. पिंजरे मोजलेले होते. घरात एक कुत्रे आणि दोन मांजरी असलेल्या कुटुंबाला करायचे ते काम याहून वेगळे नाही, फक्त आकडा लहान. मात्र ते कुटुंब बसवर अवलंबून असले तर त्याच्या ठरवण्याला अर्थ उरत नाही. प्रत्येकाने आपापली तयारी करावी, असा उपदेश करणारी पत्रके वाचताना मला दरवेळी हे खटकते. तयारीचा अर्धा भाग घरात असतो, अर्धा बसच्या दारात.

गोन्झालेसचे प्रदर्शन मैदान

पाणी भरल्यावर बचावाचे काम सुरू झाले. न्यू ऑर्लिन्सहून रस्त्याने तासाभरावर गोन्झालेस गावी लमार-डिक्सन नावाचे प्रदर्शन केंद्र आहे, गुरांची आणि घोड्यांची प्रदर्शने भरतात तसले. ते प्राण्यांचे मुख्य तळ झाले. तिथून सुमारे साडेआठ हजार प्राणी गेले. बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या पार्कर कलोझियममध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालयाने दुसरा तळ चालवला, मिसिसिपीत टायलरटाउनला तिसरा होता. देशभरातून आलेले स्वयंसेवक होड्यांतून घरोघर फिरत. घराच्या भिंतीवर स्प्रेने लिहून ठेवत : किती कुत्री, किती मांजरी, खाणे-पाणी ठेवले त्याची तारीख. माणसे शोधणाऱ्या पथकांच्या खुणांशेजारी या खुणा पुढे कित्येक वर्षे त्या भिंतींवर दिसत होत्या.

प्राणी वाचले, पण घरी फार थोडे पोचले. वाचवलेल्या प्राण्यांपैकी मूळ मालकाकडे परत गेलेले साधारण १५ ते २० टक्के, असा अंदाज सर्वत्र दिला जातो.

हे असे का झाले, याची कारणे रंजक नाहीत, पण या प्रकरणाचा गाभा तीच आहेत. पहिले म्हणजे पुष्कळ कुत्र्यांच्या गळ्यात पट्टाच नव्हता. ज्यांच्या गळ्यात होता त्यांच्या बिल्ल्यावर घरचा फोन नंबर होता, म्हणजे ५०४ ने सुरू होणारा न्यू ऑर्लिन्सचा नंबर. घर पाण्यात, दूरध्वनी केंद्र पाण्यात, मोबाईलचे जाळे कोलमडलेले. बिल्ला वाचून फोन लावला तरी तो वाजायचा बुडालेल्या घरात, किंवा वाजायचाच नाही. कातडीखाली ओळख क्रमांकाची मायक्रोचिप होती त्यांचीही एक अडचण होती. अमेरिकेत तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपा वेगवेगळ्या कंपनसंख्येवर चालत आणि प्रत्येक स्कॅनर प्रत्येक चिप वाचेच असे नव्हते. गोन्झालेसला जागा भरत गेली तसे प्राणी विमानांनी आणि ट्रकांनी दूरदूरच्या राज्यांत पाठवले गेले. मालक ह्यूस्टनला, अटलांटाला, नातलगांकडे पांगलेले. कुत्रे एका राज्यात, माणूस दुसऱ्या राज्यात, आणि दोघांना जोडणारा कागद कुठेच नाही. काही कुत्री नव्या घरी दत्तक गेली, मूळ मालकाला वर्षभराने सुगावा लागला आणि प्रकरण कोर्टात गेले. नवे घर म्हणे, तुम्ही टाकून गेलात. जुने म्हणे, आम्हाला बसमध्ये चढू दिले नाही. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या.

घोडे

आता घोड्यांकडे येऊ. त्याच पुरातून, लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्याच पशुवैद्यकांनी आणि त्यांच्याबरोबरच्या पथकांनी साडेतीनशेहून अधिक घोडे बाहेर काढले. कुणी छातीभर पाण्यात उभे होते, कुणी बंधाऱ्यावर. त्यांतले जवळजवळ सगळे मालकांकडे परत गेले.

घोड्यांवर लोकांचे प्रेम कुत्र्यांपेक्षा जास्त होते असे कुणी म्हणणार नाही. फरक एका जुन्या नियमाचा होता. घोड्यांना इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया नावाचा विषाणूजन्य रोग होतो. गोमाश्या तो पसरवतात, औषध नाही, आणि लुइझियानाच्या दलदलीत गोमाश्यांना तोटा नाही. त्या रोगाला आळा घालायचा म्हणून राज्याने १९९० च्या दशकात सक्ती केली : प्रत्येक घोड्याची दरवर्षी कॉगिन्स चाचणी (या रोगासाठीची रक्तचाचणी), आणि चाचणी नेमक्या कोणत्या घोड्याची हे कळावे म्हणून कायमची खूण, म्हणजे चिप, डाग किंवा ओठाच्या आत गोंदण. बहुतेकांनी चिप घेतली. चिपचा क्रमांक, मालकाचे नाव आणि पत्ता चाचणीच्या कागदावर, आणि तो कागद सरकारी नोंदीत, बॅटन रूजला, जिथे पूर आला नाही.

हा नियम करणाऱ्यांच्या डोक्यात वादळ नव्हतेच. रोगासाठी केलेली नोंद पुरात कामी आली. कुत्र्यांच्या बाबतीत नोंद मालकाच्या मर्जीवर होती, घोड्यांच्या बाबतीत ती दरवर्षी ताजी करावी लागत होती. ताजी हा शब्द महत्त्वाचा, कारण जुना पत्ता असलेली चिप जवळपास बिनकामाची असते.

घोडेवाल्यांच्या आणखी काही सवयी इथे उपयोगी पडल्या. किनाऱ्यावरचे अनुभवी मालक वादळाआधी घोड्याच्या अंगावर जनावरांच्या रंगाने फोन नंबर लिहितात, आयाळीत किंवा शेपटीत बिल्ला गुंफतात. नायलॉनची म्होरकी काढून टाकतात, कारण ती फांदीत अडकली तर तुटत नाही आणि घोडे जागीच अडकून राहते. चामड्याची तुटते.

गुरे आणि खारे पाणी

कॅटरिनाला चार आठवडे व्हायच्या आत, २४ सप्टेंबरला पहाटे, रिटा वादळ लुइझियानाच्या नैर्ऋत्य टोकाला, कॅमरन परिशमध्ये धडकले. हा मुलूख गुरांचा. समुद्र आणि पाणथळ गवताळ जमीन यांच्यामधून ओकच्या झाडांच्या बारीक उंचवट्यांच्या रांगा जातात आणि गुरे त्यांच्या आधाराने चरतात. १९५७ च्या ऑड्री वादळात याच भागात शेकडो माणसे गेली होती. ती आठवण इतकी जागी होती की रिटाच्या वेळी कॅमरनची माणसे वेळेवर निघून गेली. गुरे सगळी नेता आली नाहीत.

शंभर-दोनशे गायी हलवायच्या म्हणजे ट्रेलरच्या कितीतरी खेपा. वारा वाढला की उंच ट्रेलर महामार्गावर उलटतो, म्हणून पशुपालकाला माणसांच्या आदेशाआधी दोन-तीन दिवस निर्णय घ्यावा लागतो, तोही वादळाचा मार्ग पक्का नसताना. त्यात टेक्सासमधून रिटाला घाबरून निघालेल्या लाखो माणसांनी ह्यूस्टनभोवतीचे महामार्ग आधीच तुंबवले होते. अशा वेळी एकच उपाय राहतो : आतली फाटके उघडी टाकायची, कुंपण कापायचे, गुरांना स्वतः उंचावर जाऊ द्यायचे. गोठ्यात कोंडलेले जनावर पाण्यात बुडते किंवा छपराखाली चिरडते. मोकळे जनावर निदान पोहते.

पोहून वाचलेल्या गुरांपुढे दुसरे संकट होते. समुद्राचे पाणी मैलोन्‌मैल आत आले आणि तिथेच साचले. गवत मिठाने करपले, तळी खारी झाली. तहानलेली गाय खारे पाणी पिते, अंगात मीठ चढते, मग ती अडखळते, आंधळ्यासारखी भिंतीवर आपटते. अशा गाईपुढे एकदम गोड्या पाण्याची टाकी ठेवली तर मेंदूला सूज येऊन ती तिथेच कोसळू शकते, पाणी थोडे थोडे, वेळ घेऊन द्यावे लागते. त्यामुळे नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरांतून गवताच्या गासड्या टाकल्या गेल्या तरी तेवढ्याने भागले नाही. घोड्यांवरून, होड्यांतून गुरे हाकत गोड्या पाण्याकडे आणणे हेच खरे काम होते. अनेक कळप एकमेकांत मिसळले होते, ते वेगळे केले डागांवरून. लुइझियानात गुरांच्या डागांची सरकारी नोंद असते, गुरेचोरी रोखण्यासाठी ठेवलेली. इथेही तेच झाले : दुसऱ्याच कारणासाठी ठेवलेले दप्तर कामाला आले.

कायदा आणि त्याची कुंपणे

६ ऑक्टोबर २००६ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पेट्स ॲक्टवर सही केली. प्रतिनिधिगृहात त्याच्या बाजूने ३४९ आणि विरोधात २४ मते पडली होती, त्या काळच्या वॉशिंग्टनमध्ये एवढे एकमत दुर्मीळच. आपत्तीसाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर राज्यांनी आणि स्थानिक प्रशासनांनी आपल्या आराखड्यात पाळीव आणि मदतनीस प्राण्यांचा विचार केलेला असला पाहिजे, असे हा कायदा सांगतो. लुइझियानाने स्वतःचा कायदा त्याच वर्षी केला.

या कायद्याने वादळाच्या वेळी हॉटेलांना प्राणी घ्यावेच लागतात, असा समज दर पावसाळ्यात पसरतो. तसे कायद्यात काही नाही. तो हॉटेलमालकाला नाही, सरकारी आराखड्याला बांधतो. दुसरे कुंपण अधिक मोठे आहे. फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेच्या व्याख्येत घरगुती प्राणी म्हणजे कुत्रा, मांजर, पक्षी, ससा, उंदीरवर्गीय प्राणी आणि कासव. साप, मासे नाहीत. घोडे नाहीत. गायी, डुकरे, कोंबड्या नाहीत.

कुत्र्या-मांजरांपुरती परीक्षा लवकरच झाली. १ सप्टेंबर २००८ ला गुस्ताव वादळ लुइझियानाला धडकले. त्याआधी दक्षिण लुइझियानातून जवळजवळ वीस लाख लोक बाहेर पडले. गाडी नसलेल्यांना न्यू ऑर्लिन्सच्या रेल्वे स्थानकावरून बसने नेले आणि त्यांचे प्राणी पिंजऱ्यांतून ट्रकने उत्तरेला नेले. माणसाच्या मनगटावर जो क्रमांक, तोच कुत्र्याच्या पट्ट्यावर. सुपरडोमच्या दारात तीन वर्षांपूर्वी उणीव होती ती एवढीच : एक ट्रक, पिंजरे आणि जुळणाऱ्या क्रमांकाच्या दोन पट्ट्या.

पशुधनाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लॉरेन्स वादळाने नॉर्थ कॅरोलायनात सुमारे ३४ लाख कोंबड्या व टर्की आणि ५,५०० डुकरे मेल्याचे राज्याच्या कृषी खात्याने पहिल्या अंदाजात सांगितले. एकेका शेडमध्ये हजारोंनी असलेले पक्षी कोणी ट्रकने हलवत नाही, हलवता येतच नाहीत. तिथे तयारी म्हणजे विक्रीला आलेला माल वादळाआधी उचलणे, पंख्यांसाठी जनरेटर आणि डिझेल, आठवडाभराचे खाद्य. आणि मुळात पूररेषेत शेड न बांधणे, पण ते वादळाच्या आठवड्यात ठरत नाही.

आपल्याकडचा बिल्ला

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली-कोल्हापूरच्या गावांत बोटी दारात आल्या तरी लोक निघेनात, कारण दावणीला म्हशी होत्या. ४४ टक्क्यांचा तो आकडा तिथल्या कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. फरक एवढाच की तिथे कुत्र्याच्या जागी घर चालवणारे दुभते जनावर होते, म्हणजे थांबण्याचे कारण आणखी पक्के.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्यासोबत गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला मारण्याच्या कामाला जोर आला. त्या क्रमांकापुढे मालकाचे नाव, गाव आणि मोबाईल नोंदवलेला असतो. लुइझियानाच्या घोड्यांची गोष्ट वाचल्यावर या बिल्ल्याकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. हीसुद्धा रोगासाठी केलेली नोंद आहे. पूर आल्यावर ती चालेल का, हे मोबाईल नंबर बदलल्यावर मालक पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन तो बदलून घेतो का यावर ठरेल. म्हैस विकली तर नोंदीत नाव कुणाचे राहते, यावरही. आणि पुराच्या छावणीत दाखल होताना प्रत्येक जनावराचा क्रमांक कोणी वहीत उतरवतो का, यावर.

बाकीचे पावसाळ्यापूर्वी करायचे काम थोडे आहे. कोणत्या पातळीला जनावरे हलवायची ती खूण गावातल्या ओळखीच्या ठिकाणी, पुलाच्या खांबावर किंवा देवळाच्या पायरीवर, आधी ठरवावी. टेंपोवाल्याशी बोलून ठेवावे. निघता आले नाही तर दावे कापायला धारदार विळा गोठ्यातच, हाताच्या उंचीवर अडकवून ठेवावा. कुत्र्या-मांजरांच्या पट्ट्यावर स्वतःच्या नंबरासोबत पुरापासून लांब राहणाऱ्या कुणाचा तरी नंबर घालावा. कोल्हापूरच्या माणसाने पुण्याच्या मावशीचा घातला तर चालेल, शिरोळच्या भावाचा नको.